गुडघ्याजवळचा गेज

भोकं दोनच होती आणि गेज तीन.

गाडीच्या काचेच्या कडेला, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर येईल अशी प्लास्टिकची बैठक दादानं आधीच ठोकून टाकली होती. तिच्यात दोन गोल भोकं. आणि उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात, आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, डिझेल इंजिनांचे पंप खोलायच्या टेबलावर तीन खोकी उघडी पडलेली. चहा गार झाला तरी आमचं भांडण गरमच होतं.

"बूस्टचा लागणारच," दादा म्हणाला. "टर्बो बसवलाय आणि बूस्टचा गेज नाही? लोक हसतील."

"टर्बोनं हवा कोंबली की पाठ सीटला चिकटते," मी म्हणाले. "जे पाठीला कळतं त्याला काटा कशाला पाहिजे तुला?"

"बघायला मजा येते."

निदान खरं तरी बोलला. धैर्यशील इंगवले म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी चालवायला बसला की बापाचं ऐकायचा नाही, देवाचं ऐकायचा नाही. ऐकायचा ते फक्त माझं, तेही हेल्मेटमधल्या माइकवरून. मी त्याची नॅव्हिगेटर. रस्ता तो बघायचा आणि पुढचं वळण मी वहीतल्या नोट्समधून सांगायची: कुठल्या हाताला, किती मीटरवर, किती अवघड; आकडा लहान तेवढं वळण वाईट. अंगणात विटीदांडू खेळताना सुरू झालेली ही जोडी रॅलीपर्यंत पोचली होती.

अण्णांनी हात पुसले. "दुसरं भोक ऑइलच्या प्रेशरला. त्यात बोलायचं न्हाई कुणी. ऑइल गेलं की इंजिन गेलं, मग बसा हवा खात."

"आणि माझा?" मी तिसरं खोकं पुढं सरकवलं.

माझा गेज होता धुराच्या उष्णतेचा. डिझेलच्या इंजिनाचं एक वाईट असतं. हवा कमी पडली आणि डिझेल तेवढंच जात राहिलं, तर बाहेरून कळत नाही. पाण्याचा काटा जागचा हलत नाही. आत मात्र धूर इतका तापतो की टर्बोचं चाक लालभडक होतं आणि पिस्टन वितळायला लागतो. आपल्याला कळतं ते एकदम धडाम झाल्यावरच. मला त्या धडामच्या आधी कळायला हवं होतं.

"भोकं दोन आहेत वृषे," दादा म्हणाला. "तिसरा काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

"माझ्या बाजूला लावते."

"लाव की. मांडीवर घेऊन बस."

मीही काही कमी हट्टी नव्हे. नळाच्या पाइपाची प्लास्टिकची टोपी आणली, तिच्यात गेज घट्ट बसवला आणि ती माझ्या डाव्या गुडघ्याजवळ दाराच्या कडेला स्क्रूनं आवळली. ड्रायव्हरला तिथलं काही दिसायचा प्रश्नच नव्हता. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डला भोक पाडायला अण्णा तयार होईनात. "चांगल्या बीडाला भोक पाडायचं म्हंजे रडणाऱ्या पोराचे कान टोचायचे," म्हणत कुरकुरले, पण शेवटी मॅनिफोल्ड उतरवून स्वतःच्या हातानं पाडून दिलं. साडेसातशे अंशांच्या आकड्यावर मी नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. दादा पोट धरून हसला.

"काटा तिथं गेला की काय करायचं? टिकली लावायची?"

"पाय काढायचा," मी म्हणाले. "मी सांगेन तेव्हा."

तेवढ्यात आई किटली घेऊन दुसऱ्यांदा आली. दादाच्या शर्यती सुरू झाल्यापासून तिनं या गाडीला हात लावला नव्हता, एकाही रॅलीला आली नव्हती. पण त्या दिवशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"हे श्वास घेतं म्हंता न्हवं तुम्ही? मग ह्याचं नाक कुठाय?"

मला गंमत वाटली. हेडलाइटच्या मागं हवेच्या पाइपाचं तोंड होतं, ते मी तिला दाखवलं.

"एवढंसं? आणि वरडतं केवढं!" ती म्हणाली आणि कप उचलून गेली.

आता ही रॅली एवढी महत्त्वाची का, ते सांगते. अण्णांनी दिवाळीतच निकाल दिला होता: हा सीझन शेवटचा. काही जमलं तर ठीक, नाहीतर धैर्यशीलनं गपगुमान पंपाच्या टेबलावर बसायचं. आणि पुण्याच्या एका टीमचे सबनीस नावाचे मॅनेजर खास दादाला बघायला येणार होते. त्यांच्याकडं एक ड्रायव्हरची जागा रिकामी होती. गाडी त्यांची, टायर त्यांचे, देशभर रॅल्या. दादानं फक्त एकदा त्यांच्यासमोर नीट पळून दाखवायचं होतं. तो तेव्हा तिशीला आला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला नकोही होतं.

रॅली होती आंबा घाटाच्या बाजूला, जंगलातल्या रस्त्यावर. सकाळी धुकं इतकं की बॉनेटवर हात फिरवला की पाणी निथळायचं. आमची सर्व्हिसची जागा एका मोकळ्या माळावर. अण्णा टेम्पोतून हत्यारं घेऊन आले होते, आणि टेम्पोतून अण्णांच्या मागोमाग उतरली आई.

मी बघतच राहिले. "आई! तू?"

"आले. नको येऊ?" ती म्हणाली. आदल्या दिवशी ती अनवाणी जोतिबाचा डोंगर चढून आली होती. हातात डबा, आणि कनवटीला गुलालाची पुडी.

दादानं तिला वाकून नमस्कार केला, पण पुडी बघून गडबडला. "आई, काचेला नको हां. दिसत नाही मग. आणि दारावरच्या नंबरालाही नको, ते लोक ओरडतात."

"बरं बाबा. तुमच्या अडचणीत न्हाई यायची मी."

नंतर आम्ही हेल्मेट तपासून घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा बॉनेट उघडंच होतं, अण्णा मागचा टायर आवळत होते आणि आई पुढच्या बाजूला डोळे मिटून उभी होती. तिची बोटं गुलाबी झालेली. काच स्वच्छ होती, नंबर स्वच्छ होता. "चांगभलं," ती पुटपुटली आणि बाजूला झाली. मी बॉनेट लावलं.

सबनीस आले होते. उंच, टोपी घातलेले, फार न बोलणारे. दादाशी हात मिळवला, माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. "वर भेटू," म्हणाले.

स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचा तुकडा, सुरू झाली आणि पहिली काही वळणं अशी गेली की काय सांगू! मी वाचतेय, तो वळतोय, मध्ये वाराही जायला जागा नाही.

"राइट फोर, पन्नास, लेफ्ट टू, कापू नको, आत दगड."

"हं."

"लेफ्ट थ्री लांब, चढ सुरू."

चढ सुरू झाला आणि दादा पुटपुटला, "ओढत नाहीये गं."

"काय?"

"बूस्ट खाली आलाय. चढामुळं असंल." आणि त्यानं पाय आणखी दाबला.

मी गुडघ्याकडं बघितलं. काटा नेहमीच्या जागी नव्हता. रेघेच्या पार जवळ गेला होता. एक वळण वाचलं, परत बघितलं. काटा रेघेवर.

"दादा, तापतंय. थोडा पाय काढ."

"कुठला काढ! पुढचं बोल."

"राइट थ्री. दादा, रेघ ओलांडली!"

"तुझा तो नळाचा गेज खोटा आहे! पाणी बघ, पाणी बरोबर आहे, ऑइल बरोबर आहे. नोट्स वाच वृषे!"

पाण्याचा काटा खरंच मधोमध होता, शहाण्या पोरासारखा. ऑइलचाही ठीक. तिघांत माझा एकटाच वेगळं बोलत होता. वाटलं, असेल खोटा. वायर सैल झाली असेल. पंधरा दिवसांपूर्वी बसवलेला, नळाच्या टोपीतला गेज, आणि समोर दादाचं अख्खं आयुष्य. वाचत राहावं. वर पोचू, मग बघू.

"लेफ्ट टू, मग सरळ, शंभर," मी वाचलं आणि आरशात बघितलं. मागं काळाकुट्ट धूर. काटा आठशेच्या वर, आणि चढतोच आहे.

"दादा, हात जोडते, पाय काढ!"

"नाही काढत!"

त्या सरळ तुकड्याच्या डाव्या हाताला मोकळी जागा होती. दोन दिवसांपूर्वी रस्ता बघताना मीच तिची खूण केली होती. रॅलीच्या गाडीत दोन्ही सीटच्या मधे एक मेन स्विच असतो. आग लागली, गाडी उलटली, तर ओढायला. मी तो ओढला.

सगळं मेलं. इंजिन, माइक, सगळं. चढावर गाडी अंग टाकल्यासारखी हळू झाली, दादानं कशीबशी कडेला घेतली. नुसता खालून टिक टिक करत गार होणाऱ्या लोखंडाचा आवाज.

त्यानं हेल्मेट काढून मागं भिरकावलं. "काय केलंस? अगं, काय केलंस तू हे? गरम टर्बो असा बंद करतात व्हय? चांगला असला तरी आता जळंल तो!"

"तू पाय काढला असतास तर केली नसती."

"संपलं," तो म्हणाला. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "संपवलंस तू मला."

मागची गाडी आम्हाला ओलांडून भुर्रकन निघून गेली, मग तिच्या मागची. मी रस्त्यानं मागं धोक्याचा त्रिकोण लावायला गेले, कारण तेवढंच काम माझ्या हातात उरलं होतं. रडले नाही. रडायला सुचतच नव्हतं.

ओढून आणलेली गाडी माळावर आली तेव्हा सबनीसही वरून खाली येऊन उभे होते. आई डबा छातीशी धरून टेम्पोच्या पायरीवर. दादा उतरला आणि त्याचा बांध फुटला.

"विचारा हिला! हिला विचारा, साहेब! चांगली पळणारी गाडी हिनं मेन स्विच ओढून बंद पाडली. कशासाठी? तर हा बघा!" त्यानं माझं दार उघडून दाखवलं.

सबनीस वाकले. नळाची टोपी, तिच्यातला गेज, नेलपॉलिशची रेघ. ते हसले नाहीत, पण ओठाचा कोपरा हलला. तो मला अजून दिसतो.

अण्णा कामाला लागले. ऑइल बघितलं, पाणी बघितलं, खाली शिरून टॉर्च मारला. मग किल्ली फिरवली. मेलं ते इंजिन, पहिल्या झटक्यात सुरू झालं! टुकूटुकू, टुकूटुकू, एका लयीत. काडीचा दोष नाही. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी नळाच्या टोपीसकट आत जावं.

वाचलेलं इंजिन आणि कधी धोक्यातच नसलेलं इंजिन, दोन्ही दिसायला सारखीच असतात. हे तिथं कुणाला कसं पटवून द्यायचं?

"इंगवले," सबनीस दादाला म्हणाले, "सुरुवातीचे तुमचे टायमिंग मी बघितलेत. तुमचा यात काही दोष दिसत नाही मला. नॅव्हिगेटर आमच्याकडं आमचा असतो, तेवढं चालेल ना?"

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. "चालेल," म्हणाला.

इतकं सोपं. अंगणातल्या विटीदांडूपासूनची जोडी एका शब्दात मोडली. मला राग आला, फार राग आला. पण खरं सांगते, त्याच वेळी आत कुठंतरी हायसंही वाटलं, की चला, त्याचं तरी झालं.

"काय निघतंय का बघू देत तरी," म्हणत अण्णांनी हवेच्या फिल्टरच्या डब्याचे चाप सोडायला घेतले. दादा पुढं झाला. "राहू दे अण्णा, मी बघतो." त्यानं झाकण उचललं.

आणि थांबला.

मी त्याच्या खांद्याआडून बघितलं. फिल्टरचा पांढरा कागद गुलाबी झाला होता. नुसता गुलाबी नव्हे, घट्ट. धुक्याची ओल आणि मूठभर गुलाल, त्याची खळ होऊन कागदाच्या प्रत्येक घडीत बसली होती. इंजिनाचं नाक गच्च चोंदलेलं. गाडी उभ्या जागी टुकूटुकू चालायला तेवढी हवा पुरत होती. चढावर मात्र तीच कमी पडून इंजिनाचा जीव गेला असता.

ह्याचं नाक कुठाय, असं तिनं विचारलं होतं. आणि मी दाखवलं होतं. काचेला लावायचा नाही, नंबराला लावायचा नाही, कुणाच्या अडचणीत यायचं नाही. म्हणून तिनं अशी जागा शोधली होती जिथं कुणाला त्रास होणार नाही. जिथून पोराची गाडी श्वास घेते, तिथं जोतिबा ठेवला.

अण्णांनीही बघितलं. त्यांचा हात हवेतच राहिला.

"काय रं? काय सापडलं?" आई पायरीवरून उतरून येत होती. "काय झालंय गाडीला?"

"गेज खरा निघाला की काय?" सबनीसांनी मागून विचारलं.

दादानं झाकण टपकन लावलं. चाप एक एक करून दाबले. त्याला एवढंच करायचं होतं: गप्प बसायचं. फिल्टर साफ आहे म्हणायचं. जागा त्याची झालीच होती, मी वेडी ठरलेच होते, आईला काही कळणार नव्हतं. किंवा खरं सांगायचं, मग मी खरी ठरले असते आणि जागाही कदाचित राहिली असती. फक्त आईनं ते ऐकलं असतं.

तो वळला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, गेजचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "आणि हिनं काही केलेलं नाही. मघाशी खोटं बोललो मी. गाडी मीच बंद केली."

"तुम्ही? का?"

"घाबरलो."

माळावर चार माणसं उभी होती, ती वळून बघायला लागली. उद्यमनगरचा धैर्यशील इंगवले, ज्याच्या नावानं पोरं शिट्ट्या मारायची, तो मान खाली न घालता म्हणाला, "वळण आलं आणि घाबरलो. पाय थरथरायला लागले. लाज वाटली म्हणून बहिणीवर ढकललं."

गाडीची चूक सबनीसांना चालली असती. बहिणीवर खापर फोडणारा भित्रा ड्रायव्हर कुणाला हवा असतो? "ठीक आहे," ते म्हणाले, टोपी सारखी केली आणि निघून गेले.

"दादा—" मी म्हणाले.

"गप," तो हळूच म्हणाला. "आई येतेय."

आई आली. तिनं त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "घाबरलास ते बरं झालं माझ्या राजा. देवानंच तुला बरोबर येळंला घाबरायची बुद्धी दिली. मी गुलाल वाहिला व्हता, उगं न्हाई."

"व्हय आई," दादा म्हणाला. "त्यामुळंच."

अण्णा टेम्पोच्या मागं गेले. मी गेले तेव्हा ते हत्यारांच्या पेटीवर बसून तोंडावर फडकं धरून होते. मला बघून म्हणाले, "डोळ्यात धूळ गेली."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी दादाला धरलं. खूप बोलले. सबनीसांना फोन कर म्हणाले, एकट्यांना सांग, आईला कळायची गरज नाही. तो ऐकून घेत बूस्टचा गेज काढत होता.

"आणि ते सगळ्यांना सांगणार नाहीत? हे गाव आहे वृषे. आठ दिवसांत दळणाच्या रांगेत कुणीतरी आईला म्हणेल, तुमच्या गुलालानं पोराचं वाटोळं झालं. मग ती जगंल व्हय?" त्यानं गेज टेबलावर ठेवला. "ह्याचा काटा खाली दिसला की मी आणखी दाबत होतो. तुझा तेवढा राहू दे तिथंच. माझ्या डोळ्यांसमोर असता तर मी त्यालाही शिव्या घालून गाडी पळवली असती."

सीझन संपला आणि तो अण्णांच्या टेबलावर बसला. अजून तिथंच असतो. पंपाच्या कामात त्याचं नाव झालंय, सांगलीपासून लोक येतात. घाबरट इंगवले म्हणून काही वर्षं लोकांनी चिडवलं. त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि माझे मात्र दोनदा हात शिवशिवले.

परवा त्याच्या मुलानं गाडी घेतली. आई आता काठी टेकत येते, डोळ्यांनी कमी दिसतं, पण पुडी कनवटीला असतेच. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याचं नाक कुठाय रं धैर्या?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघायला लागले, नाहीतर माझं हसू आणि रडू एकदमच बाहेर पडलं असतं.

"नव्या गाड्यांना नाक नसतं आई," तो म्हणाला आणि बॉनेटवर दोन्ही हात दाबून उभा राहिला.

"अगं बया! मग हा कुठं लावू?"

दादानं तिच्यासमोर कपाळ पुढं केलं.